फॉइल दिसली की हात थरथरतात

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गर्द ओढायचा. व्यसनमुक्ती केंद्रात असताना त्याला तलफ येत नव्हती. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात फॉइलचा रोल दिसला तरी हात थरथरतात, घाम फुटतो. त्याची इच्छाशक्ती कमी पडतेय का? अशा आठवणी पुसता येत नाहीत का?

उत्तर : ताई, इच्छाशक्तीचं मनातून काढून टाका, आणि त्याच्यासमोर तर तो विषयच नको. गर्द फॉइलवर तापवून ओढतात, म्हणजे दर वेळी गर्दच्या आधी फॉइल डोळ्यांसमोर होती. मेंदूने ही जोडी इतकी पक्की केली की नुसती फॉइल दिसली तरी शरीर तयारीला लागतं. केंद्रात फॉइल नव्हती, एवढंच. आठवण होती तिथेच होती.

ती पुसायची कशी? नशेची आठवण करून देणारी खूण, म्हणजे इथे फॉइल, पुन्हा पुन्हा दाखवायची आणि नशा मिळू द्यायची नाही, हा जुना उपाय. पण त्याने जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी नवं शिकलं जातं, आणि हे नवं शिक्षण जागेला फार चिकटून असतं. म्हणून समुपदेशकाच्या देखरेखीखाली झालेला सराव पुढे घरातही व्हायला हवा. एकट्याने मात्र अजिबात नको.

2012मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हेरॉइन (गर्द हे त्याचंच अशुद्ध रूप) सोडलेल्या रुग्णांना आधी पाच मिनिटांची हेरॉइनची चित्रफीत दाखवली, दहा मिनिटं थांबले आणि मग तासभर त्याच खुणा दाखवल्या. आठवण जागी झाली की काही काळ ती बदलू शकते, यावर हा प्रयोग बेतलेला होता. या रुग्णांची तलफ सहा महिन्यांनीही कमी होती; ज्या गटात दहा मिनिटांऐवजी सहा तास थांबले त्याला तो फायदा झाला नाही. मला या कामातून खरोखर आशा वाटते. पण तिथे मोजली ती तलफ, पुन्हा नशा केली का हे नव्हे. त्यामुळे डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन (तलफ आवरणारं औषध) दिलं असेल तर या प्रयोगाच्या भरवशावर ते बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इतके दिवस नशा नसल्याने त्याच्या शरीराची नशा पेलण्याची सहनशक्ती उतरली आहे. शिवाय ही सहनशक्तीही जागेशी बांधलेली असते : 1982च्या एका प्रयोगात हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना तोच मोठा डोस नेहमी हेरॉइन मिळायचं त्या जागेपेक्षा, जिथे ते कधी मिळालं नव्हतं अशा जागेत दिल्यावर जास्त उंदीर दगावले. पाय घसरला तर पूर्वीचं प्रमाण जिवावर बेतू शकतं. हे त्याला आजच, न रागावता सांगा. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून जाग येईना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन हे हेरॉइनचा परिणाम उलटवणारं औषध वेळेत मिळालं तर जीव वाचू शकतो.