सोलापुरातल्या बिझनेस मीटिंगा आणि प्रदर्शनं: कशाला जावं, कशाला जाऊ नये

भावा, तुझा प्रश्न परवाच वाचला पण एक लॉट पाठवायचा होता म्हणून आज निवांत लिहितोय. तू विचारलंयस की अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट टाकून दीड वर्ष झालं, सकाळच्या नाष्ट्याचा एक बिझनेस ग्रुप वर्षाची फी भरून मेंबर हो म्हणतोय, पुढच्या प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का तेही ठरत नाहीये, आणि एकूणच आपल्या गावातल्या ह्या कार्यक्रमांचा नवीन माणसाला काही उपयोग होतो का. मी बाविसाव्या वर्षी आठ मशीनवर सुरुवात केली, त्याला आता बारा वर्षं झाली, आणि पहिली तीन-चार वर्षं मी बोलावतील तिथं सगळीकडं गेलोय म्हणून सविस्तर सांगतो.

आधी नाष्ट्याच्या ग्रुपचं. मी पण असाच एक ग्रुप जॉईन केला होता, नाव घेत नाही, पूर्ण वर्षाची फी भरली, दर आठवड्याला सकाळी सातला हॉटेलात हजर. त्या वर्षात मला इन्शुरन्सवाले चार, सोलरवाले दोन आणि एक इंटिरियरवाला भेटला, माणसं सगळी चांगली होती, आजही बोलणं आहे. पण शाळेचा युनिफॉर्म घेणारा त्या खोलीत कोणीच नव्हता आणि असणार तरी कुठून? आपला माल सोलापूरचं गिऱ्हाईक किती घेतं सांग मला. आपला खरेदीदार कर्नाटक, तेलंगण, आंध्र, मराठवाडा, विदर्भ इथला. चादर आणि टॉवेलवाल्यांचंही तेच. गावातल्या मीटिंगमध्ये आपण सगळे विकणारेच एकमेकांसमोर बसतो, त्यात परत निम्मे एकाच मालाचे. त्यामुळं गिऱ्हाईक मिळेल म्हणून फी भरणार असशील तर भरू नको. तुझं काम हॉटेल, दवाखाने, लग्नाचे हॉल असल्या लोकल पार्ट्यांशी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

पण गावातल्या मीटिंगांना जाऊच नको असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्याच लाईनच्या लोकांच्या ज्या बैठका होतात, संघटनेच्या असोत नाहीतर एमआयडीसीत कोणाच्या ऑफिसात चहावर जमलेल्या, तिथं जरूर जा. तिथं ऑर्डर मिळत नाही, तिथं कळतं की कोणती पार्टी पैसे देते. कोण नव्वद दिवस लावतो, कोण चेक देतो आणि वर फोन करून बँकेत टाकू नका म्हणतो, कोण जूनमध्ये माल उचलून दिवाळीला वापस पाठवतो. हे तुला कुठल्या वेबसाईटवर मिळणार नाही. माझे सुरुवातीला एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडं सहा लाख अडकले, दोन वर्षं मी कापडवाल्यासमोर जायला लाजत होतो, आणि नंतर एका बैठकीत सहज विषय निघाला तर त्या खोलीतल्या तिघांचे त्याच माणसाकडं अडकलेले! आम्ही चौघं एकमेकांना तोंडओळखीनं ओळखत होतो, पण कोणी कोणाला बोललं नाही, कारण आपलं बुडालं हे सांगायची लाज. तेव्हापासून मी मोठ्या पार्टीला पहिला माल पाठवायच्या आधी दोन जणांना विचारल्याशिवाय गाडी भरत नाही.

अशाच एका कार्यक्रमात एका सीएनं पेमेंटच्या ४५ दिवसांच्या नियमावर सांगितलं होतं, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं ४३बी(एच) कलम. आपण उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असलो तर घेणाऱ्यानं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे, त्या मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेर पण बाकी राहिले तर तो खर्च त्याला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. मी दुसऱ्याच दिवशी बिलबुकावर उद्यम नंबर छापून घेतला. सगळे सुधारले असं नाही, दोन पार्ट्यांनी तर माझ्याकडनं माल घ्यायचाच बंद केला, पण मार्चमध्ये मला फोन करावे लागायचे त्यातले बरेच आता समोरून येतात. तो दीड तास माझ्या त्या नाष्ट्याच्या वर्षापेक्षा भारी होता.

आता जे खटकतं ते पण बोलतो. कार्यक्रम सहाचा असतो, पाहुणे साडेसातला, मग दीपप्रज्वलन, शाल, बुके, सत्कार, आणि ज्या विषयासाठी माणसं कारखाना सोडून आलीत त्याला शेवटची वीस मिनिटं. प्रश्नोत्तरं तर वेळेअभावी रद्दच. दुसरं म्हणजे भाषा. पाहुणा पुण्या-मुंबईचा, स्क्रीनवर सगळं इंग्रजी, आणि समोर बसलेले आमचे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले कारखानदार, ज्यांच्या घरात आज्यापासून माग आहे, ते गप्प बसून राहतात. तीच माणसं बाहेर चहाला तेलुगूत बोलायला लागली की सुताचे भाव, रंगाचं पाणी, लाईट बिल, सगळं निघतं. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतात तर स्टेजवर का चालू नयेत? आणि बायकांसाठी वेळ बघा जरा. कडक भाकरी, शेंगाचटणीचे एवढे घरगुती उद्योग बायका चालवतात, घरी जॉबवर्क करून आपले काज-बटण त्याच करतात, त्यांना सकाळी सात आणि रात्री आठ ह्या दोन्ही वेळा जमत नाहीत. दुपारी दोनला ठेवा की एकदा.

प्रदर्शनाचं मात्र माझं स्पष्ट मत आहे, तिथं जा. युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शन २०१७ ला आपल्याकडं झालं, पुढं ते मुंबई, बंगळूरुलाही गेलं, २०१९ ला टेरी टॉवेलवाल्यांनी सोलापुरात भरवलं. तिथं समोरचा माणूस घेणारा असतो, हाच फरक. २०१७ ला माझ्याकडं पूर्ण स्टॉलचे पैसे नव्हते, एका मित्रासोबत अर्धा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेलंगणातल्या करीमनगरचा एक दुकानदार आला. त्यानं हँगरवरचा शर्ट काढला आणि रंग-बिंग काही न बघता सरळ उलटा केला. बगलेची शिलाई दोन्ही अंगठ्यांनी ताणली, मग खिशाचा कोपरा धरून झटका दिला. टाका उसवला. माझं तोंड उतरलं. पण आमचे कटिंग मास्टर सोबत होते, त्यांचं मूळ तिकडचंच, ते तेलुगूत त्याच्याशी बोलायला लागले आणि अर्धा तास दोघं खिशाच्या त्या कोपऱ्यावरच बोलत होते. शेवटी त्यानं विचारलं, जून-जुलैमध्ये एकेका साईझचे वीस-पंचवीस नग रिपीट द्याल का, कारण शाळा सुरू झाल्यावरच कमी-जास्त कळतं आणि मोठे कारखानदार तेवढ्याला हात लावत नाहीत. मास्टरनी मला न विचारताच हो सांगितलं. आज माझा तीस टक्के धंदा रिपीटचा आहे, त्यासाठी चालू रंगांचं भिलवाड्याचं कापड मी मेपासूनच जास्तीचं धरून ठेवतो. माझ्या डोक्यात ही आयडिया घरी बसून कधीच आली नसती.

बाहेरचा खरेदीदार इथं यायला कंटाळतो ही तक्रार खरी होती, आता २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे, २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरनं गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली, त्यामुळं प्रदर्शनं परत इथंच भरवा असं आपण तरुण पोरांनी संघटनेत जाऊन बोललं पाहिजे. बाहेरचा माणूस इथं आला की स्टॉलवरनं थेट कारखान्यात येतो, मशीन बघतो, ऑर्डर वाढवतो. मुंबईच्या हॉलमध्ये तो फक्त हँगर बघतो.

गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणाऱ्या जत्रेत, स्टॉल घ्यायचं कोणीतरी तुला सुचवलंय, ते तुझ्या मालाला नाही. होम मैदानावर गर्दी तुफान असते पण ती घरची माणसं, जानेवारीत शाळेचा शर्ट कोण घेतंय. उलट तेव्हा दुसरीच काळजी घे, सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा ते शोभेचं दारूकाम ह्या दिवसांत निम्मे कारागीर बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात, ते सुट्टी घेणारच आणि घेतलीच पाहिजे, तेव्हा १२ ते १७ जानेवारीत डिलिव्हरीची तारीख कोणाला देऊ नको.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं, नाष्ट्याची फी भरू नको, लाईनच्या बैठकांना दोन महिन्यांतनं एकदा तरी जा, आणि स्टॉल ह्या वर्षी अर्धा घे, पार्टनर बॉटमवाला (पँट शिवणारा) बघ म्हणजे शर्ट-पँटचं गिऱ्हाईक दोघांना चालेल. सोबत घरचा पोरगा नको, तुझा कटिंग मास्टर ने. सॅम्पल वीस नको, सहाच शीव, पण लावायच्या आधी प्रत्येकाच्या खिशाचा कोपरा ओढून बघ, बारटॅक (कोपऱ्याला पक्का टाका मारायचं) मशीन नसेल तर आमच्याकडं पाठव, दुपारच्या सुट्टीत मारून देतो.