शिळं पाणी

प्रश्न : मावशी, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, कधी पहाटे, कधी रात्री अकराला. पाणी येणार असं कळलं की सासूबाई हंडे, कळश्या, 200 लिटरचं पिंप, सगळं मोरीत ओतून रिकामं करतात. का, तर शिळं पाणी! मी माहेरी करमाळ्याकडच्या वस्तीवर टँकरमागं पळालेली मुलगी, मला ते वाहतं पाणी बघवत नाही. गेल्या आठवड्यात मी पिंपापुढं आडवी उभी राहिले, तर त्यांनी तीन दिवस अबोला धरला. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. तुम्ही दर अंकात सांगता की रोजच्या अनुभवातून शिकावं. मग मी यातून काय शिकायचं? गप्प बसायला?

उत्तर : गप्प कशाला बसतेस? तुझा राग रास्त आहे. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाईपातून आलेलं पाणी मोरीत जाताना मलाही बघवणार नाही. ज्या गावात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं, तिथं आपण पाचव्या दिवसाची वाट बघत बसतो, हे आणखी वेगळंच.

पण सासूबाई निम्म्या बरोबर आहेत, हेही ऐकून घे. मी आरोग्यसेविका होते. 31 वर्षं लोकांच्या पिंपात टॉर्च मारून अळ्या शोधल्या. (त्याला तेव्हा कुणी अनुभव म्हणत नव्हतं, ड्युटी म्हणायचे.) डेंगीचा डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आपल्याकडच्या उन्हात आठ-दहा दिवस पुरतात. जुन्या पाण्यावरच नवं भरत राहिलं की अळी आत सुखानं मोठी होते. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, असं आम्ही दारोदार ओरडत फिरायचो. तुझ्या सासूबाई ते कुणी न सांगता करतात. फक्त घासत नसतील, तर उपयोग नाही. अंडी पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. नुसतं ओतलं तर पाणी जातं, अंडी राहतात.

आता माझी एक गोष्ट, फारशी अभिमानाची नाही. नोकरीत नवीन होते. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका घरी गेले. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, त्यांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. मागच्या खोलीत बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. मला तेलुगू येत नव्हतं, 'नीळ्ळु' म्हणजे पाणी एवढं कळायचं. पिंपात टॉर्च मारला तर अळ्याच अळ्या. मी सरळ पिंप उलटं केलं. बाई उठून काहीतरी बोलली. तिची सहावीतली मुलगी म्हणाली, "आई म्हणते, नळ परवा येणार आहे." मी काय म्हणावं? "मग तोवर शेजाऱ्यांकडून आणा." आणि रजिस्टरवर नोंद करून निघाले.

पुढच्या आठवड्यात त्या घरात पिंपच नव्हतं. मी खूश. 'निरंक' लिहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलगी खाटेखालून दप्तर ओढत होती, तेव्हा जुन्या चादरीखाली झाकलेलं पिंप दिसलं. अळ्या तशाच. मग त्या ओळीतली बाकीची घरं नीट बघितली, तर आणखी चार घरांत तेच. एक पिंप उलटं करून मी पाच पिंपं खाटेखाली ढकलली होती. आमच्या साहेबांना फेरी सोमवारीच हवी होती, त्या गल्लीचा नळ मात्र बुधवारी यायचा. साहेबांशी भांडून मी फेरी बुधवारी सकाळी करून घेतली. दारात पहिला प्रश्न "नळ कधी?" आणि मग टॉर्च. पिंपं हळूहळू खाटेखालून बाहेर आली.

तू पिंपापुढं आडवी उभी राहिलीस, ते माझ्या पिंप उलटं करण्यासारखंच झालं. त्यांना विचारलंस का, हे कधीपासून करता? माझी आई मंगळवेढ्याकडची. लहानपणी तिच्या पायातून नारू निघाला होता. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यानं तो व्हायचा. धाग्यासारखा जंत रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बाहेर काढायचे. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला, हे मी तिला सांगितलं होतं. "बरं झालं," म्हणाली आणि नळाचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून भरत राहिली. तुझ्या सासूबाईंचं कारण वेगळं असेल, किंवा नुसती सवयही असेल. भाकरी थापताना विचार, पिंपाजवळ नको.

आणि हे करून बघ. नळाच्या आदल्या दिवशी सकाळपासून पिंपातलंच पाणी वापरायला काढ : फरशी, संडास, कपड्यांचं पहिलं पाणी, कुंड्या. संध्याकाळी तळाला बादलीभर उरलं पाहिजे, त्या बादलीत पिंप घासायचं. मग ओतायला उरतंच काय? दोन कळश्या मात्र झाकून बाजूला ठेव, नळाचा भरवसा नाही. त्या कळश्यांना सासूबाईंचा हात लागू देऊ नकोस. लावला, तर त्या दिवशी भांडायला माझी परवानगी आहे. झाकलेलं पाणी पाच दिवसांत शिळं होत नाही. त्यात पेला बुडवत बसलं की मात्र खराब होतं, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं ठेव.

घासायला ब्रशही लांब दांड्याचाच घे. 200 लिटरच्या पिंपात वाकायला त्यांची कंबर आता पुरायची नाही, आणि घासायचं काम त्या तुला देतील असं मला वाटत नाही.