जुन्या गॉथिक कथा ऑडिओबुकवर ऐकताना लक्ष उडतं आणि भीतीही वाटत नाही. नेमकं काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की पो, डिकन्स वगैरेंच्या इंग्रजी गॉथिक, म्हणजे गूढ-भयाच्या, कथा फोनवर ऐकायला घेतल्या, पण दहा मिनिटांत धागा सुटतो आणि अंगावर काटा वगैरे काही येत नाही. कथा बदलण्याआधी ॲपची सेटिंग्ज उघडा. दोष बऱ्याचदा तिथे असतो.

ऑडिओ ॲप्समध्ये 'ट्रिम सायलेन्स' किंवा 'स्किप सायलेन्स' अशी सोय असते. आवाज ठराविक पातळीखाली गेला की ॲप तेवढा तुकडा कापतं. गप्पांच्या पॉडकास्टला ते चालतं, गॉथिक कथेचा मात्र जीवच जातो. शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) घ्या. ती एका बाईने चोरून लिहिलेल्या नोंदींची कथा आहे आणि दोन नोंदींमध्ये दिवस, कधी आठवडे जातात. छापील पानावर तिथे मोकळी जागा दिसते. कानाला फक्त वाचकाचा, म्हणजे कथा वाचून दाखवणाऱ्याचा, दोन-तीन सेकंदांचा थांबा मिळतो. तो कापला गेला की नोंदी एकमेकींना चिकटतात आणि बाईची अवस्था किती झपाट्याने ढासळतेय हे कळतच नाही. त्यामुळे ही सोय पूर्ण बंद ठेवा.

'व्हॉल्यूम बूस्ट'ही बंद. ते हळू आवाज वर आणतं आणि मोठा आवाज दाबतं, म्हणजे कुजबुज आणि किंकाळी एकाच पातळीवर. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या 'द मंकीज पॉ'मध्ये (१९०२) दारावरची पहिली थाप जेमतेम ऐकू येईल इतकी हळू आहे आणि चांगला वाचक ते वाक्यही आवाज खाली आणून वाचतो. बूस्ट लावलात तर ती मेहनत पाण्यात. बाहेरचा गोंगाट फार असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. आणखी एक किरकोळ पण चीड आणणारी गोष्ट: काही ब्लूटूथ इअरबड शांतता लांबली की आवाज बंद करतात आणि पुन्हा सुरू होताना पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळतात. असं होत असेल तर या कथांपुरता वायरवाला हेडफोन वापरा.

वेग १ वरच ठेवा. इंग्रजी ऑडिओबुकं साधारण मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास वाचलेली असतात आणि जुन्या गद्याला तेही पुरेसं जलद आहे. पोच्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'चं (१८३९) पहिलंच वाक्य जवळजवळ साठ शब्दांचं आहे आणि त्यातला 'मी' पंचवीस शब्द उलटल्यावर येतो. दीडपट वेगाने हे ऐकलं तर कान कर्ता शोधत राहतो आणि वातावरण निसटतं. अगदीच जड गेलं तर ०.९ करून बघा. त्याखाली गेलात तर आवाज ओढल्यासारखा येतो.

आता कोणतं रेकॉर्डिंग घ्यायचं ते. माझं मत ठाम आहे: एकच वाचक, संपूर्ण संहिता, पार्श्वसंगीत शून्य. श्रुतिका आवडत असतील तर जरूर ऐका, पण मूळ कथा ऐकून झाल्यावर. डिकन्सच्या 'द सिग्नल-मॅन'मध्ये (१८६६) रेल्वेचा सिग्नलवाला बोलता बोलता दोनदा थबकतो, चेहऱ्याचा रंग उडतो आणि तो घंटेकडे बघतो. निवेदक स्पष्ट सांगतो की त्या वेळी घंटा वाजलेली नव्हती. आता एखाद्या उत्साही ध्वनिसंयोजकाने तिथे घंटेचा आवाज घातला, की प्रश्नच मिटला! माणसाला भास होतोय की खरंच काही आहे, हा संशय ऐकणाऱ्याच्या मनात राहायला हवा. 'अशर'च्या शेवटाकडेही तसंच. निवेदक मित्राला पुस्तक वाचून दाखवतोय आणि पुस्तकातल्या एकेका आवाजासारखा आवाज घरातून कुठून तरी येतोय. एकट्या माणसाच्या तोंडून हा प्रसंग ऐकताना आपणही त्या मित्रासारखे कान टवकारतो. सगळे आवाज खरेच वाजवून दाखवले तर नुसती आदळआपट उरते.

संक्षिप्त आवृत्ती ओळखायला सोपा हिशेब आहे: कथेचे शब्द भागिले १५०. 'अशर' सुमारे सात हजार शब्दांची, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. २५ मिनिटांची फाइल दिसली तर काटछाट झालीय हे नक्की. 'द सिग्नल-मॅन' अर्ध्या तासाहून थोडी जास्त, 'द मंकीज पॉ' २५ मिनिटांच्या आगेमागे, 'द टेल-टेल हार्ट' (१८४३) पाव तासाच्या जवळपास.

वाचकाची पारख करायला हीच शेवटची कथा वापरा. तिचा निवेदक पहिल्या परिच्छेदापासून आपण किती शांत, किती शहाणे आहोत हे पटवून देत असतो. जो वाचक पहिल्याच ओळीला वेड्यासारखा किंचाळतो त्याच्याकडे शेवटासाठी काही शिल्लक राहत नाही. अशाचं बाकीचंही ऐकू नका. यंत्राचा आवाजही बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत ओळखू येतो: श्वास नैसर्गिक नाही, अर्धवट तुटलेल्या वाक्यांवर अडखळ, आणि सगळे थांबे एकाच मापाचे. मात्र वाचक मध्येच 'एटीन ब्लँक' म्हणाला तर दचकू नका. जुन्या कथांत साल किंवा आडनाव लपवायला रेघ मारलेली असते, ती तो वाचतोय.

फुकट ऐकायचं तर लिब्रिव्हॉक्स. २००५ मध्ये सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे. कथाही कॉपीराइटमुक्त, रेकॉर्डिंगही. (नामवंत नटांची रेकॉर्डिंग वेगळी, कथा जुनी असली तरी त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क स्वतंत्र असतात.) तिथल्या कथासंग्रहांत बरेचदा प्रत्येक कथेला वेगळा वाचक असतो, त्यामुळे एक उत्तम, पुढचा रटाळ, असं चालायचंच. आवाज आवडला की वाचकाच्या नावावर क्लिक करून त्याची बाकीची रेकॉर्डिंग शोधा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला घोषणा असते. छोट्या कथा सलग लावल्या की ती वारंवार येऊन रंगाचा बेरंग करते, तेवढी पुढे ढकला. ६४ केबीपीएसची (हे आवाजाच्या दर्जाचं माप) फाइल बोलण्याला पुरते, तासाला साधारण २९ एमबी लागतात.

सुरुवात 'द मंकीज पॉ'ने करा: भाषा साधी, संवाद भरपूर. मग 'द टेल-टेल हार्ट', 'द सिग्नल-मॅन', आणि एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' (१८५२). ही शेवटची दाईने मुलांना सांगितलेली गोष्ट आहे, म्हणून ऑडिओत फारच खुलते. एम. आर. जेम्सच्या बऱ्याच कथा नाताळात मित्रांना वाचून दाखवण्यासाठी लिहिलेल्या, त्याही कानाला बसतात. फक्त लॅटिन येतं. 'ओह, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड'मध्ये शिट्टीवरची अक्षरं पानावर विशिष्ट मांडणीत छापलेली आहेत, ती ऐकून काहीच उमजत नाही. तिथे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत साइटवरचं पान उघडून एक नजर टाका. ल फॅनूची 'कार्मिला' (१८७२) तीन तासांच्या घरात जाते, प्रकरणं पाडून ऐका. 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) इतक्यात नको: त्यात एक जण दुसऱ्याने जपलेली तिसऱ्याच बाईची वही ऐकतोय, वाक्यं लांबलचक, आणि सुरुवात निसटली तर 'मी' म्हणजे कोण हेच कळत नाही.

तसं तर यातल्या कोणत्याही कथेची पहिली पाच मिनिटं हातातलं काम थांबवून ऐका. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि घटना किती जुनी, एवढं पक्कं झालं की मग भांडी घासत ऐकलं तरी चालतं. झोपताना ऐकत असाल तर टाइमर मिनिटांवर न लावता 'ट्रॅक संपेपर्यंत' असा लावा. मिनिटांचा टाइमर नेमका शेवटाच्या तोंडावर बंद पडतो. टाइमरच नसेल तर पुढची कथा आपोआप सुरू होते, आणि अर्धवट झोपेत दोन कथांची सरमिसळ होऊन सकाळी कुठली कुठे संपली हे शोधत बसावं लागतं.