उघडेल असं कुलूप

प्रिय मित्रा,

तुझं गूढलिपीतलं कोडं रविवारपासून समोर ठेवलं होतं. २४ अक्षरं आणि खाली एक ओळ: ‘बघा सुटतंय का.’ नाही सुटलं. का सुटलं नाही ते मात्र समजलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नंतर तू कळवलंस की पद्धत विजनेरची, म्हणजे किल्ली या गुप्त शब्दाचं अक्षर सांगेल तेवढी घरं मजकुराचं अक्षर पुढे सरकवायचं आणि किल्ली संपली की पुन्हा पहिल्यापासून; आणि तुझी किल्ली नऊ अक्षरांची. म्हणजे किल्लीच्या एकेका अक्षराच्या वाट्याला मजकुराची दोन किंवा तीनच अक्षरं आली. कसिस्की या गूढलिपी अभ्यासकानं १८६३ मध्ये ही पद्धत फोडायची वाट दाखवली, ती अशी: तोच अक्षरगट पुन्हा कुठे येतो ते शोधायचं, मधलं अंतर मोजायचं, आणि त्या अंतरांना भाग जाणाऱ्या संख्यांमध्ये किल्लीची लांबी धुंडाळायची. तुझ्या २४ अक्षरांत एकही गट पुन्हा येत नाही. मग सोडवणाऱ्यानं हात घालायचा कुठे? किल्ली मजकुराएवढी लांब, कसलाही क्रम नसलेली आणि एकदाच वापरलेली असेल तर तो गूढ मजकूर कुणालाच फोडता येत नाही, हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये गणितानं सिद्ध केलंय. न सुटणारं कोडं फासे टाकूनही करता येतं. रात्रभर छळून पहाटे सुटेल असं करण्यात खरी कारागिरी.

तुझं पहिलं कोडं आठवतं? क-वर्ग, च-वर्ग अशा प्रत्येक वर्गातलं अक्षर एक घर पुढे, वर्गातलं शेवटचं पुन्हा पहिल्या घरात, काना-मात्रा जागच्या जागी. ‘पाणी’चं ‘फाटी’ झालं होतं. वर्गाबाहेरची य, र, ल, व, ह ही अक्षरं हललीच नव्हती, म्हणून वाक्यांच्या शेवटी ‘आहे’ तसंच उघडं राहिलं. तुला त्याची लाज वाटली. मला ते फार आवडलं होतं, कारण आत शिरायला दार होतं. मराठीत अशी दारं पुष्कळ आहेत. शब्दाच्या शेपटीला ‘च्या’, ‘ला’, ‘ने’ येतात. ळ किंवा ण नं आपला शब्द सहसा सुरू होत नाही, त्यामुळे एखाद्या तर्कानं शब्दाच्या आरंभी तेच अक्षर आलं की ती वाट सोडून द्यायची. कोणतं अक्षर किती वेळा येतं याचे इंग्रजीचे तक्ते इथे चालत नाहीत. वर्तमानपत्राचं एक मराठी पान घे आणि ते स्वतः मोज. जोडाक्षर एक धरायचं की फोडायचं, हेही आधी ठरव आणि सोडवणाऱ्याला सांग. ‘ज्ञ’वरून भांडणं होतात.

उत्तर हाती आलं की तेच उत्तर आहे, हे पटायलाही हवं. अमेरिकेत लँगलीला सीआयए या गुप्तचर संस्थेच्या आवारात शिल्पकार जिम सॅनबॉर्न यांचं ‘क्रिप्टोस’ हे शिल्प १९९० पासून उभं आहे. त्यावरच्या गूढ मजकुराच्या दुसऱ्या भागात त्यांच्याकडून एक अक्षर गाळलं गेलं होतं. त्यामुळे त्या भागाच्या उत्तराचा शेवट चुकला, पण चुकूनही वाचता येण्याजोगे इंग्रजी शब्द निघाले आणि सोडवणाऱ्यांनी तेच खरे मानले. तिथे ‘थर दुसरा’ अशा अर्थाचे शब्द हवे होते, हे २००६ मध्ये सॅनबॉर्न यांनीच सांगितलं. एका अक्षराची ही किंमत. तुझं कोडं पाठवण्याआधी गूढ मजकुरावरून मूळ मजकूर हातानं परत काढून बघत जा.

तर्काच्या कोड्यांत माझी फजिती झाली ती अशीच. वाड्यातले पाच भाडेकरू, पाच खोल्या, पाच धंदे. कोण कुठे राहतो याचं दिलेलं प्रत्येक सूत्र मी माझ्या उत्तराशी ताडून पाहिलं, सगळी जुळली. एका शाळकरी मुलीनं शिंपी आणि सोनाराच्या खोल्या बदलून दुसरं उत्तर दाखवलं, आणि तेही जुळत होतं! उत्तर माहीत असताना सूत्रं तपासली की ती बरोबरच दिसतात. तेव्हापासून मी कोडं महिनाभर बाजूला ठेवतो, मग कोऱ्या तक्त्यावर सोडवतो. शिवाय उत्तर माहीत नसलेल्या दोघांना देतो आणि शेजारी गप्प बसतो. ते कुठे अडतात, कुठे अंदाजानं उडी मारतात, हे त्यांच्या पेन्सिलीवरून कळतं. गप्प बसणं फार जड जातं, पण बस.

आता तुझ्या कोड्याचं. किल्ली तीन अक्षरांची कर. मजकूर शंभर-सव्वाशे अक्षरांपर्यंत वाढव, आणि एखादा लांबसा शब्द तीनच्या पटीतलं अंतर राखून दोनदा येऊ दे. मग पाठव. या वेळी मी विचारलं तरी किल्ली सांगू नकोस.

तुझा,
काका