झेब्रा फिंच: मडक्याची घाई नको

जोडी आणलीत, छान. पण पिंजऱ्यात लगेच घरट्याचं मडकं टांगू नका. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. तिथे पाऊस पडून गवताला बी धरलं की विणीला लागतो. तुमच्याकडे दाणापाणी बारमाही, म्हणजे त्याच्या लेखी रोजच सुकाळ! मडकं कायम राहिलं तर मादी अंडी घालून घालून खंगते. दोन विणींनंतर ते काढाच. खायला राळा, थोडी बाजरी, कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाच्या अंगातलं पांढरं कवच. ‘वाळवंटातला आहे, पाण्याविना तगतो’ असं कुणी सांगेल, ऐकू नका. पाणी रोज बदला, अंघोळीला पसरट ताटली ठेवा. आणि हो, गालावर नारिंगी ठिपका असेल तो नर. पांढऱ्या पक्ष्यांत चोच बघा, नराची जास्त लाल. दोन्ही नर निघाले तर मडक्याचा प्रश्नच मिटला.