उन्हवऱ्याचा झरा आणि अंटार्क्टिकाचा बर्फ

प्रश्न : आमच्या तालुक्यात उन्हवऱ्याला बारमाही कढत पाणी येतं. कोकणात ज्वालामुखी नाही, मग ते तापतं कशानं? अंटार्क्टिकाचा बर्फही असाच खालून वितळतो का? शाळेतल्या मुलांना झऱ्याचं तापमान घ्यायचं आहे, कसं घ्यावं?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या काळ्या कातळाचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. पण जमिनीत कुठेही उतरा, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. झऱ्याचं पाणी ७० अंशांचं धरलं, तर २७ अंशांचं पाणी तिथवर न्यायला ४३ अंश हवेत, म्हणजे दीड किलोमीटर तरी खोली आली. वाटेत ते निवतंही, तेव्हा खरी खोली याहून जास्तच. भेग मोकळी असेल आणि पाणी झपाट्यानं वर येत असेल तिथेच झरा कढत राहतो. म्हणून संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ, राजवाडीला तो आहे आणि गावोगावच्या विहिरी मात्र गार.

आता बर्फ. खंडांच्या जमिनीतून चौरस मीटरला सरासरी ०.०६५ वॅट उष्णता बाहेर पडते. नऊ वॅटच्या एका एलईडी दिव्याला जवळपास दीड गुंठा जमीन लागेल! वर्षभरात ही उष्णता, तीही बर्फ आधीच वितळणबिंदूवर असेल तर, सहा-सात मिलिमीटर बर्फ वितळवते. आषाढातली एखादी सर याहून जास्त पाणी ओतून जाते.

तरीही अंटार्क्टिकातलं व्होस्तोक सरोवर जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली द्रवरूप आहे. वर सरासरी उणे ५५ अंश, पण एवढ्या जाड गोधडीतून खालची ऊब सहज सुटत नाही. शिवाय दाबामुळे तिथे बर्फ उणे ३ अंशांच्या आसपासच वितळतो. तळाच्या अशा पाण्यावरून बर्फ घसरायला मदत होते, हे खरं. अलीकडे वाढलेल्या वितळण्याचं खापर मात्र या उष्णतेवर फोडता येत नाही. ती हजारो वर्षं जवळपास तेवढीच आहे. तिथे तापलेला समुद्र आणि हवा जबाबदार.

मोजताना तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ अंशांच्या पुढे दाखवत नाही. प्रयोगशाळेतला ११० अंशांचा घ्या. कुंडात पाणी निवतं, म्हणून ते कातळातून निघतं तिथेच थर्मामीटरचा पाऱ्याचा फुगा बुडवा आणि पारा स्थिरावल्यावर, बाहेर न काढता आकडा वाचा. पावसाळ्यात वरचं गार पाणी मिसळतं, एप्रिल-मे बरा. हे काम मोठ्यांनीच करावं, ७० अंशांच्या पाण्यानं क्षणात भाजतं.