हौशीला अव्यावसायिक म्हणू नका

विचारणा अशी: इंग्लंडातल्या एका ॲमॅच्युअर सोसायटीनं गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या इंग्रज जोडीचा 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' हा कॉमिक ऑपेरा केला. मराठीत लिहिताना तिला 'अव्यावसायिक संस्था' म्हणावं का, आणि कॉमिक ऑपेराला काय म्हणावं?

अव्यावसायिक मुळीच नको! वेळ न पाळणाऱ्या कंत्राटदारापासून उर्मट वेटरपर्यंत सगळ्यांना तो शब्द लावून झालाय. आता ती शिवीच झाली. सरळ 'हौशी' म्हणा. आपली राज्य नाट्यस्पर्धाही हौशीच म्हणवते, तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही.

हौशी म्हणजे कच्चं, असं समजणाऱ्यांनी शब्दाचं कूळ बघावं. अरबी 'हवस' फारसीमार्गे आपल्याकडे आली. अर्थ तीव्र इच्छा, जवळपास वेडच. हिंदीत ती वासनेच्या गल्लीत शिरली. मराठीत मात्र डोहाळजेवणाच्या मखरात जाऊन बसली. गवळणीची गौळण होते, तशी हवसची हौस. ती 'हर्ष'मधून काढू पाहणारे संस्कृताभिमानी अधूनमधून भेटतात. जुन्या मराठीत हर्षाचा 'हरिख' झालाय, ज्ञानेश्वरी उघडा. हौशीतला र कुठे गेला तेवढं सांगा, मग बोलू. 'ॲमॅच्युअर'चं मूळही लॅटिन 'अमातोर', म्हणजे प्रेम करणारा. पैशाची भानगड दोन्हीकडे नंतरची. हौसेला मोल नाही, हे आपण उगाच म्हणत नाही.

गिल्बर्ट-सलिव्हनच्या नाटकांत तर हा भेद चक्क कायद्यानं पाळला जाई. ब्रिटनमध्ये १९६१ अखेर हक्क संपेपर्यंत धंदेवाईक प्रयोग डॉयली कार्ट कंपनीनंच करायचे. हौशी मंडळींनी परवाना काढायचा आणि कंपनीच्या प्रॉम्प्टबुकाबरहुकूम, म्हणजे हालचाली नोंदलेल्या संहितेप्रमाणे, रंगमंचावर वावरायचं. मक्तेदारी गेली, मूळ कंपनी १९८२ साली बंद पडली. हौशी गातच राहिले. इंग्लंडातल्या बक्स्टनला १९९४ पासून त्यांच्यासाठी महोत्सवही सुरू झाला. आता सांगा, कच्चं कोण?

हां, कॉमिक ऑपेरा. 'संगीतिका' म्हणून मोकळे होतात लोक. पण संगीतिकेत सगळं गाऊनच. इथे पदांच्या मध्ये चांगले खटकेबाज गद्य संवाद असतात. म्हणून 'विनोदी संगीत नाटक'. आपल्याकडचं तशाच घाटाचं, अण्णासाहेबांचं 'सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ साली, आणि या जोडीचं 'आयोलॅन्थी'ही त्याच वर्षीचं.